पाहुणा कोण?

पावसाळा ओसरला की ठाण्याच्या खाडीत पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. आम्ही त्यांना 'परदेशी पाहुणे' म्हणतो. पण पाहुणा म्हटला की यजमान आला, आणि यजमानाला दार लावण्याचा हक्कही. तो आम्हाला कुणी दिला?

छोटा टिलवा घ्या. वजन जेमतेम 25 ग्रॅम. सैबेरियाच्या उत्तर टोकाला दोन-अडीच महिन्यांत अंडी-पिल्ले उरकतो. बाकीचे वर्ष प्रवासात, नाहीतर अशा चिखलात काढतो. मग त्याचे घर कोणते, जन्माचे की पोटाचे? मुंबईला पोटासाठी आलेल्या कोकणी माणसाला विचारा, तो दोन्ही गावांची नावे सांगेल.

ओहोटीला टिलवा गाळातले किडे टिपतो. भरतीत गाळ बुडाला की त्याला टेकायला काठची उथळ तळी लागतात. 2015 साली खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली खाडी रामसर यादीत गेली. नवी मुंबईतली अशी काही तळी मात्र अभयारण्याच्या रेषेबाहेरच राहिली. पंगत राखली, विसाव्याची जागा राखली नाही! अशा तळ्यांना 'पडीक जमीन' म्हणायची आमची जुनी खोड आहे. पुढच्या आश्विनात तळे बुजलेले दिसले, तर टिलव्याने दाद कुणाकडे मागायची?