अस्सल, नक्कल आणि माढ्याचा विठोबा

सोलापूर जिल्ह्यातील माढे या तालुक्याच्या गावी विठ्ठलाचे एक मंदिर आहे, आणि अफझलखानाच्या १६५९ सालच्या स्वारीच्या प्रसंगी पंढरीची मूर्ती संरक्षणार्थ येथे आणून ठेवण्यात आली होती अशी परंपरा आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात याहून पुढे जाऊन असा सिद्धांत मांडला की, आद्य मूर्ती माढ्यासच राहिली असून पंढरपुरी आज पूजिली जाणारी मूर्ती ती नव्हे, कारण स्कांद पांडुरंगमाहात्म्यात वर्णिलेला वक्षःस्थळावरील कूटमंत्र माढ्याच्या मूर्तीवर कोरलेला आढळतो, पंढरपूरच्या मूर्तीवर आढळत नाही. ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वादही पुष्कळ झाला.

या वादाची आठवण करून देणारी एक सर्वस्वी लौकिक हकिकत बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या १९६३ साली आरंभ झालेल्या विज्ञानकथामालिकेच्या डीव्हीडींवर, मूळ कथेच्या जोडीस दिलेल्या पुरवणीत, पाहावयास मिळते. चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची आणि जुन्या प्रती नष्ट करण्याची त्या संस्थेची त्या काळी वहिवाट असल्यामुळे मालिकेच्या पहिल्या काही वर्षांतील कित्येक भागांचे रूप नाहीसे झाले. नाद मात्र उरला, कारण प्रक्षेपण चालू असतानाच काही चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून घेतला होता. १९६८ सालच्या ‘द इन्व्हेजन’ या आठ भागांच्या कथेचे पहिला व चौथा हे हरवलेले भाग २००६ साली, त्याच घरगुती ध्वनिमुद्रणावर नव्याने रेखाटलेली हलती चित्रे बसवून, डीव्हीडीवर आले. आणि पुरवणीत ही चित्रे कशी सिद्ध झाली याची कैफियत तर आहेच, शिवाय तो आवाज जपणाऱ्या प्रेक्षकांवरही एक छोटा माहितीपट आहे. संस्थेच्या दफ्तरात जे राहिले नाही ते रयतेच्या घरात सापडावे, याचे, घरोघरची जुनी कागदपत्रे शोधून काढणाऱ्या इतिहासकार राजवाड्यांच्या वाचकांना तरी नवल वाटू नये.

रूप गेले आणि शब्द राहिला, तर वस्तू तीच राहिली काय? वेदान्ती म्हणेल की नाम आणि रूप या दोन्ही उपाधीच. वारकरी त्यातही नामाला अग्रमान देईल, आणि त्याच्या हिशेबी त्या टेपरेकॉर्डरवाल्यांनी कथेचे सार राखले असेच ठरेल. धर्मशास्त्राचा कौलही फारसा निराळा नाही. पंढरपुरातच वास्तव्य केलेल्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांच्या, अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’त जीर्णोद्धाराचा आणि पुनःप्रतिष्ठेचा विचार आहे, तो हे गृहीत धरूनच की पाषाण झिजतो, भंगतो, प्रसंगी विसर्जनीय होतो, आणि देवतेचे सान्निध्य विधिपूर्वक दुसऱ्या पाषाणात आणता येते. या दृष्टीने पाहता माढे आणि पंढरपूर यांपैकी अस्सल कोणते हा तंटा भक्तीच्या कचेरीत दाखलच होऊ नये.

परंतु प्रश्न असा निकालात काढणे मला प्रशस्त वाटत नाही. पाषाण जर केवळ निमित्त होता, तर खान चालून येत असता तो उचलून रानोमाळ नेण्याचे साहस कोणी का करावे? दुसरा घडवता आला असता. आणि ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही हरवलेली कथा १९९२ साली हाँगकाँगहून परत आली, किंवा २०१३ साली नायजेरियातील जोस येथे ‘द वेब ऑफ फिअर’चे भाग हाती लागले (तिसरा तेवढा मिळाला नाही), तेव्हा आवाज तर आमच्यापाशी आहेच, चित्राची आता गरज काय, असे त्या चाहत्यांपैकी कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. भक्ती भाषा निर्गुणाची बोलते. पण पदस्पर्शासाठी तासन्‌तास रांगेत उभी राहते तेव्हा तिला कोणतेही पाय चालत नाहीत. शास्त्राने दिलेली ही मोकळीक भक्ताने क्वचितच मनापासून स्वीकारली आहे, आणि त्यात मला त्याचे अज्ञान दिसत नाही. जे प्रिय आहे ते ‘तसेच एक’ असून चालत नाही, ते ‘तेच’ असावे लागते.

म्हणूनच ढेरे यांच्या शोधाला अश्रद्धेचे लेबल लावणाऱ्यांचे मला आश्चर्य वाटते. मूळ पाषाण कोणता हे विचारणारा संशोधक त्या पाषाणाला, तो पाठीवर घेऊन पळणाऱ्या माणसाइतकेच महत्त्व देत असतो; त्याविषयी उदासीन असतो तो, कोणताही चालेल म्हणणारा. त्या डीव्हीडीवर पहिला व चौथा भाग नवे रेखाटलेले आहेत हे उघड सांगितलेले असते, आणि तरीही कथेत रमणारा रमतोच. माढ्याच्या मंदिरात ढेरे यांचा सिद्धांत आणि त्यावरील आक्षेप, दोन्ही, भिंतीवर स्वच्छ मराठीत लिहून ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. ते वाचून एखादा वारकरी पंढरीची वाट सोडील असे मला वाटत नाही. फार तर पुढच्या खेपेस तो वाकडी वाट करून माढ्यासही येईल.