गिरणीचं नाव राहिलं

गुलबर्ग्यात रिक्षावाल्याला ‘एमएसके मिल’ म्हटलं की तो पुढचं काही विचारत नाही. निजामाच्या राजवटीत, 19व्या शतकात निघालेली ही कापडगिरणी. तिचा भोंगा केव्हाच थांबला, वस्तीला नाव तेवढं राहिलं. 2014 मध्ये शहराचं कलबुर्गी झालं, तरी मिल ती मिलच.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात माणूस आधी शेतात असतो, मग कारखान्यात, मग कचेरीत नाहीतर दुकानात. शेतीतले जादा हात कारखाने ओढून घेतात, असं आर्थर लुईस यांनी 1954 मध्ये मांडलं. कोरियात ते बरंचसं घडलंही. आमच्या सीमाभागात गिरणी लवकर आली आणि शेतातले हात उचलून होण्याआधीच बसली.

भालकी-औरादकडचं एखादं घर बघा. बापाच्या नावावर चार एकर कोरडवाहू. सोयाबीनची रास झाली, संक्रांतीच्या आसपास तूर निघाली, की थोरला हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. धाकटा तिथेच वॉचमन. मृग लागला की थोरला परत पेरणीला. याला शेतकरी म्हणायचं की मजूर? सरकारी पाहणी वर्षातले दिवस मोजून त्याला एका रकान्यात बसवते. सोयरीक जुळवताना घरचे मात्र आधी एकर सांगतात, पगार नंतर.

2018-19 मध्ये देशातले 42.5 टक्के कामकरी शेतीत होते. 2023-24 मध्ये 46.1 टक्के. देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्याही आत, आणि हात मात्र वाढले. टाळेबंदीत गावी आलेले सगळेच काही परत गेले नाहीत, हे खरं. पण या वाढीत भरणा बायांचा आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही.

शेताला लागून असलेला कारखाना म्हणजे इथली डाळमिल. तुरीला तेल-पाणी लावायचं, वाळवायची, भरडायची. डाळ बाजाराला, चुनी पुन्हा गोठ्यात. 2019 मध्ये गुलबर्ग्याच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळालं. भाव चढेल, चांगलंच आहे. पण मिलला माणसं किती लागतात? पूर्वी डाळ निवडायला सुपं घेऊन बायांची ओळ बसायची. मोठ्या मिलमध्ये आता सॉर्टेक्स यंत्र डाग पडलेला दाणा क्षणात उडवून देतं. सुपं उचलून निघालेल्या त्या बायांना पुन्हा कुणाच्या तरी रानात खुरपणीच.