हिज्कीयाची पंधरा वर्षे



हिज्कीया राजा आजारी पडला तेव्हा यशया संदेष्टा त्याच्याकडे आला आणि घराची निरवानिरव करायला सांगून गेला. राजाने भिंतीकडे तोंड फिरवले व तो रडला (यशया, अध्याय ३८). भिंतीकडे तोंड फिरवलेली अशी माणसे आम्ही चौसाळ्यातही पाहतो. डॉक्टरांनी ‘प्रोस्टेटचा कॅन्सर’ म्हटले की घरचा कर्ता पुरुष जेवण सोडतो, बोलणे सोडतो. मुतखडा झाला तर माणूस चौकात सांगेल, पण हे दुखणे तो बायकोलाही सांगत नाही.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखाली, लघवीच्या नळीभोवती असलेली पुरुषांची ग्रंथी. उतारवयात ती बहुधा साधीच वाढते. रात्री चार वेळा उठावे लागते म्हणजे कॅन्सरच झाला असे नाही. झालाच, तरी पुष्कळांमध्ये तो सावकाश वाढतो. अमेरिकेतील नोंदींनुसार आजार ग्रंथीपुरता असताना सापडला तर ५ वर्षांनंतर जवळजवळ सगळे हयात असतात. हाडांसारख्या दूरच्या अवयवांत पोचल्यावर सापडला तर साधारण तिघांपैकी एक. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांना हे निदान १९९७ मध्ये झाले. ते २०२१ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी वारले.

आपल्याकडे उशीर फार होतो. ऊसतोडीहून परतलेल्याची कंबर दुखली की दोष मोळीचा, आणि महिने तेल चोळण्यात जातात. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाची कंबर विश्रांती घेऊनही दुखत राहिली, लघवीतून रक्त गेले, तर तपासून घ्यावे. अशा रुग्णाच्या पायांतली शक्ती एकाएकी गेली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बार्शी आपल्याला परकी नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथेच १९८७ साली सुरू झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. खर्चाच्या धास्तीने घरी बसण्याआधी निदान चौकशी तरी करा.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो. तो म्हणतो की वैद्य ‘मनुष्य’ नावाच्या कुणाला बरे करत नाही, समोरच्या एका माणसाला करतो. आकड्यांचेही तसेच आहे. ‘तिघांपैकी एक’ हे पुष्कळांविषयीचे बोलणे झाले; तुमच्या वडिलांचे नाव त्यात लिहिलेले नाही.

आता जे कोणी बोलत नाही ते. हा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल मिळाले. म्हणून पसरलेल्या आजारात ते संप्रेरक इंजेक्शनने किंवा अंडकोषांवरील छोट्या शस्त्रक्रियेने बंद करतात. आजार समूळ जात नाही, पण दुखणे कमी होते आणि पुष्कळांना काही वर्षे मिळतात. तरी ‘मग मी पुरुष कसला?’ म्हणून उपचार नाकारणारे आहेत. त्यांच्या घरच्यांनी यशयाचा ५६ वा अध्याय त्यांना वाचून दाखवावा. स्वतःला वाळलेले झाड समजणाऱ्या षंढांना देव तिथे मुलाबाळांहून श्रेष्ठ असे नाव देऊ करतो. हे आम्ही सांत्वनासाठी रचलेले नाही, शास्त्रात आहे.

हिज्कीयाकडे यशया परत आला. देवाने १५ वर्षे वाढवून दिली होती. आणि संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले. वर्षे देवाने दिलीच होती, मग लेप कशाला? आम्हाला वाटते, औषधही त्याच हाताचे म्हणून.

आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराविषयीही असाच गैरसमज आहे. फादर तेल घेऊन आले म्हणजे संपले, असे समजून घरचे आम्हाला शेवटच्या रात्री बोलावतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले आहे की हा संस्कार केवळ मरणासन्नांचा नाही. गंभीर निदान झाले, शस्त्रक्रिया ठरली, की तेव्हाच कळवा. मिस्सानंतर आम्ही थांबतो. चारचौघांत बोलणे अवघड वाटत असेल तर संध्याकाळी घरी या, किंवा मुलाच्या हाती निरोप पाठवा, आम्ही येऊ.