नांद्रुकाखालचा ठिय्या

मेक्सिकोत गावच्या मुख्य चौकाला 'सोकालो' म्हणतात. मूळ अर्थ चौथरा. १८४३ मध्ये मेक्सिको सिटीच्या चौकात स्वातंत्र्याचा स्तंभ उभारायचं ठरलं, चौथरा झाला आणि काम तिथेच राहिलं. लोक चौकालाच चौथरा म्हणू लागले. हे नाव मग इतर गावांनीही उचललं.

वाहाका शहराचा सोकालो डेरेदार झाडांखाली आहे. तिथे त्यांना 'हिंदुस्थानचं लॉरेल' म्हणतात. म्हणजे आपलं नांद्रुक, वडाच्या कुळातलं. त्या सावलीत बूटपॉलिशवाल्याची उंच खुर्ची असते. गिऱ्हाईक वर्तमानपत्र उघडून बसतं. मोज्याला डाग पडू नये म्हणून तो बुटाच्या कडेने पट्ट्या खोचतो, पॉलिश चोळतो, फडकं दोन्ही हातांनी सरसर ओढतो. मग बुटावर हलकी टिचकी. गिऱ्हाईक मान वर न करता दुसरा पाय पुढे करतं. जवळच टोपलीत मीठ, लिंबू, लसूण लावून भाजलेले लालसर टोळ. चिवड्यासारखे येताजाता तोंडात टाकायचे. कुणी काही विकत घेतं, कुणी नुसतंच बाकावर बसतं. का बसलात, असं कुणी विचारत नाही.

ही मुभा मला फार मोलाची वाटते, आणि ती आपोआप टिकत नाही. २००२ साली या चौकाच्या कमानींखाली मॅकडोनाल्ड्स यायचं घाटत होतं. चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो विरोधात उभे राहिले. त्यांनी चौकात लोकांना तामाले वाटले. मक्याच्या पिठाचे हे तामाले आपल्या पातोळ्यांसारखे पानात गुंडाळून वाफवतात. शेवटी नगरपालिकेने परवानगी नाकारली.

चार वर्षांनी याच चौकात संपकरी शिक्षकांनी मुक्काम ठोकला. १४ जून २००६ च्या पहाटे पोलिसांनी त्यांना हुसकावलं. काही तासांतच ते परत आले. स्पॅनिशमध्ये अशा ठिय्याला 'प्लांतोन' म्हणतात. त्यानंतरही तिथे ठिय्ये होत राहिले, आणि तंबूंमुळे चौकाची शोभा जाते, अशी कुरकुरही होत राहिली. दुकानदारांचा धंदा बुडतो, हे खोटं नाही. तरी मी तंबूवाल्यांच्या बाजूचा आहे. दुपारी उगाच टेकणाऱ्या आजोबांना बाकावरून कुणी उठवत नाही, त्याच हक्कावर शिक्षक फरशीवर सतरंजी पसरतो. त्याला उठवायची सवय लागली, तर आजोबांचा बाकही फार दिवस त्यांचा राहणार नाही.

ठिय्याच्या दिवसांत ताडपत्रीची दोरी बांधायलाही नांद्रुकाचंच खोड उपयोगी पडतं. तिच्याखालून वाकून फुगेवाला पलीकडे जातो.