जुने कुळ, नवे झाड

कीटकाची ओळख पिकावरून करून देण्याची शेतीविषयक लेखनातील रूढी सोयीची असली, तरी उत्क्रांतीचा विचार करणाऱ्याला ती सतत खटकत राहते. नाशिकच्या अंबडमध्ये काय किंवा अन्यत्र काय, तांदळाला लागणारे टोके साठवणीतील किडींत मोडतात, आंब्याच्या कोयीतला सोंडकिडा फळझाडांच्या किडींत आणि रताळे पोखरणारा कंदपिकांच्या. हे तिन्ही सोंडकिडेच, एकाच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत, ही गोष्ट मात्र त्या मांडणीत हरवते. तांदळातले टोके आणि चिंचोक्यातले टोके तर सिटोफिलस या एकाच प्रजातीतील भाऊबंद, पण त्यांचीही गाठ सहसा पडत नाही.

सोंड म्हणजे पुढे लांबलेले तोंड, तिच्या टोकाशी जबडे असतात आणि पुष्कळ जातींची मादी तिनेच भोक पाडून आत अंडे घालते, हे सर्वपरिचित आहे. मिशांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. आजच्या बहुसंख्य सोंडकिड्यांच्या मिशा, म्हणजे शृंगिका, कोपरात दुमडल्यासारख्या असतात; वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ फुटलेल्या, म्हणून ‘आदिम’ म्हटल्या जाणाऱ्या कुलांत त्या सरळ असतात. त्यांपैकी निमोनिकिडी कुलातील किडे प्रामुख्याने पाइन, अरौकेरिया अशा सूचिपर्णी वृक्षांच्या नर-शंकूंतील परागावर वाढतात, तर बेलिडी कुलातील काही जाती सायकसवर्गीय वनस्पतींच्या शंकूंत राहतात आणि मेक्सिकोतील झामियाचे परागणही करतात. या यजमान वनस्पती, म्हणजे ज्यांवर अळी पोसली जाते त्या, अनावृतबीजी आहेत. त्यांचे बीज फळाच्या आवरणात नसते आणि त्यांचा वंश सपुष्प वनस्पतींहून पुरातन आहे.

कीटकशास्त्रज्ञ ब्रायन फॅरेल यांनी १९९८ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथूनच बळ घेतो: जुने वंश जुन्या वनस्पतींना धरून राहिले आणि जे सपुष्प वनस्पतींकडे वळले त्यांच्या जाती अफाट वाढल्या. परंतु ‘धरून राहिले’ हे आधी सिद्ध करावे लागते. वारशाने मिळालेला यजमान आणि मागाहून मिळवलेला यजमान यांत फरक आहे, आणि आज एखादा किडा जुन्या झाडावर दिसतो एवढ्यावरून त्याच्या पूर्वजांचा मुक्काम तिथेच होता असे ठरत नाही. डुएन मॅकेना आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की सोंडकिड्यांचा उगम ज्युरासिक काळात अनावृतबीजी वनस्पतींवर झाला असला, तरी त्यांचा मोठा विस्तार सपुष्प वनस्पतींच्या विस्ताराशी पावलागणिक जुळत नाही. तो काहीसा मागून आला. अँथ्रिबिडी हे जुने कुल तर फॅरेल यांच्या मांडणीत नीट बसतच नाही: त्यातील बहुतेक जाती वाळलेल्या लाकडावरील बुरशीवर जगतात, आणि त्यांचाच एक भाऊबंद, अरिसेरस, साठवलेल्या कॉफीच्या बिया आणि सुंठ फस्त करतो.

इथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. नाशिक जिल्ह्यातच, लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे आणि २००७ मध्ये अमेरिकेला निघालेले आंबे तिथूनच किमान ४०० ग्रे मात्रेचे विकिरण घेऊन गेले. त्यामागील एक धास्ती कोयीतल्या सोंडकिड्याची होती. कोवळ्या फळावर घातलेल्या अंड्यातून निघालेली अळी कोयीत शिरते, तिची वाट गर भरून बुजते आणि बाहेरून फळ निर्दोष दिसते. विकिरणाने किडा लगेच मरतोच असे नाही, पण त्याची पुढची पिढी थांबते. दुमडलेल्या मिशांचा हा किडा वंशवृक्षाच्या अलीकडच्या फांदीवरचा, आणि तरीही केवळ आंब्याशी जखडलेला. म्हणजे एकाच झाडाशी बांधलेले असणे हे पुरातनपणाचे लक्षण नव्हे.

एवढ्यावरून यजमान वनस्पतीला वंशनिर्णयात फारसे स्थान देऊ नये, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु रताळ्यावरील सोंडकिडा, सायलस, तो काढू देत नाही. त्याच्या मिशा सरळ आहेत आणि त्याचे घराणे मूळचे जुन्या जगातले. रताळे मात्र अमेरिकेतले, सोळाव्या शतकापासून इकडे पसरलेले. म्हणजे हा यजमान निःसंशय मिळवलेला आहे. पण तो मिळवला कोठून? किनाऱ्यावरील मर्यादवेलीसारख्या, रताळ्याच्याच प्रजातीतील रानवेलींवर हा किडा आधीच जगत होता. झाड नवे असले, तरी त्याची पारख जुनीच होती. वारसा आणि नवा मुक्काम हे परस्परविरोधी पर्याय ठरवण्यात आधीच्या युक्तिवादाचीही गफलत झाली. वंशाला वारशाने झाड मिळत नाही, झाड निवडण्याची मर्यादा मिळते, आणि ती जिथवर पोहोचते तिथवर नवे मुक्काम पडतात. तांदळातल्या टोक्याच्या भाऊबंदाने चिंचोक्यात, म्हणजे वेगळ्याच कुलातील झाडावर, मुक्काम करावा असे अपवाद उरतात, पण ते अपवाद म्हणून ओळखू येतात ते या मर्यादेमुळेच.

तेव्हा पिकावरून किडीची ओळख करून देणारी रूढी समजली गेली तेवढी अडाणी नाही. तिने पिकापाशी न थांबता त्या पिकाच्या कुलापर्यंत जावे, एवढेच मागणे उरते. रताळ्याच्या बांधावरील रानवेली काढा असा सल्ला देणारा कृषितज्ज्ञ नेमके हेच करत असतो.