अंतःकरणावर लिहिलेला नियम

आजचं वचन: रोमकरांस पत्र 2:14-15

प्रियांनो, पौल इथे एक मोठी गोष्ट सांगतो. ज्यांना मोशेचं नियमशास्त्र मिळालंच नव्हतं, त्या परराष्ट्रीयांच्याही अंतःकरणावर देवाने आपला नियम लिहिलाय. त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते.

13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याच नैसर्गिक नियमावर सविस्तर लिहिलं. देवाच्या सनातन नियमात माणसाला बुद्धीने मिळालेला वाटा, तो हा नियम. त्याचं पहिलं सूत्र साधं आहे: भलं करा, वाईट टाळा.

1963 च्या गुड फ्रायडेला अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. वंशभेदाविरुद्धच्या मोर्चांवर कोर्टाची बंदी होती, ती त्यांनी मोडली. काही पाळकांनीच त्यांच्या आंदोलनावर टीका केली. तुरुंगातून उत्तर लिहिताना त्यांनी अक्वायनसचा आधार घेतला: नैसर्गिक नियमात ज्याची मुळं नाहीत, तो कायदा अन्याय्य. पण असा कायदा मोडायचा तर उघडपणे, प्रेमाने आणि शिक्षा सोसायची तयारी ठेवून, हेही त्यांनी बजावलं.

आपली परीक्षा बहुतेकदा ऑफिसात होते. युजरची खासगी माहिती विकायची परवानगी अटींच्या चाळिसाव्या पानावर दडवलेली असते. लीगल टीमचा होकार असतो. "नियमात बसतंय ना?" एवढंच आपण विचारतो. आतला साक्षीदार मात्र विचारतो, "हे बरोबर आहे का?"

प्रभू, तू लिहिलेलं वाचायला डोळे दे, आणि तसं वागायला कृपा दे. आमेन.