ग्राहकसंबंधांच्या अभ्यासातला गाळलेला भाग
विपणनशास्त्राची मूळ चौकट कारखान्यात तयार होणाऱ्या मालाभोवती उभी राहिली, आणि उत्पादन, किंमत, वितरण व प्रसिद्धी या चार घटकांची मांडणी बँक, विमा किंवा हॉटेल यांनाही तशीच लागू पडेल, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. सिटीबँकेतील अधिकारी लिन शोस्टॅक यांनी १९७७ साली या गृहीतकाला उघड आव्हान दिले. सेवा कोठारात साठवता येत नाही. बहुतेक वेळा ती देणारा आणि घेणारा यांच्या व्यवहारातच घडते, आणि म्हणून ती देणारा कर्मचारी हा सेवेचाच भाग असतो. स्वीडनचे एवर्ट गुमेसन यांनी अशा कर्मचाऱ्यांना ‘अर्धवेळ विपणक’ म्हटले, कारण विपणन विभागात नसूनही ग्राहक टिकवण्याचे काम प्रत्यक्षात तेच करतात.

लेनर्ड बेरी यांनी १९८३ मध्ये ‘संबंधाधिष्ठित विपणन’, म्हणजे ग्राहक मिळवण्याइतकेच त्याच्याशी असलेले संबंध टिकवण्याला आणि वाढवण्याला महत्त्व देणारे विपणन, ही संकल्पना मांडली. पुढे परसुरामन, झाइटहॅमल आणि बेरी यांनी १९८५ साली सेवेच्या गुणवत्तेचे जे प्रारूप दिले, त्यात पाच तफावती होत्या. त्यांपैकी चार संस्थेच्या बाजूच्या होत्या: ग्राहकाला काय हवे याची व्यवस्थापनाला नसलेली जाण, त्या जाणिवेशी न जुळणारे नियम, नियम आणि प्रत्यक्ष सेवा यांतील अंतर, आणि सेवेपेक्षा मोठी आश्वासने. पाचवी तफावत ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांच्यातली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली २२ विधानांची सुप्रसिद्ध प्रश्नावली मात्र केवळ ही पाचवी तफावत मोजते, आणि व्यवहारात तीच सर्वदूर वापरली गेली. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ साली अपेक्षा वगळून केवळ अनुभव मोजावा, असे सुचवले. पण त्या महत्त्वाच्या वादातही मोजमाप ग्राहकाच्या उत्तरांपुरतेच राहिले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला नियम सोडून निर्णय घेण्याचा अधिकार आहे काय, एका ग्राहकाला किती वेळ देण्याची त्याला मुभा आहे, हे प्रश्न ज्या तिसऱ्या तफावतीत येतात, ती तेवढीच अभ्यासण्याजोगी असूनही मागे पडली, ही या क्षेत्राची खरी उणीव म्हटली पाहिजे.

कोव्हिएलो, ब्रॉडी व सहकाऱ्यांचे काम म्हणूनच मोलाचे ठरते, कारण कंपन्यांनी काय करावे यापेक्षा त्या काय करतात, हे त्यांनी तपासले. अमेरिकेसह पाच पाश्चात्त्य देशांतील ३०८ कंपन्यांच्या २००२ सालच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश कंपन्या सुट्या व्यवहारांवर, तितक्याच संबंधांवर, तर उरलेल्या दोन्हींच्या मिश्रणावर चालत असल्याचे दिसले, आणि तिन्ही गटांत सर्व प्रकारच्या कंपन्या होत्या. सेवा-व्यवसाय म्हणजे संबंधाधिष्ठित विपणन, हे सरधोपट समीकरण त्यामुळे टिकत नाही. याच संशोधकांनी ग्राहकांच्या माहितीसाठ्यावर चालणारे विपणन आणि माणसांमधील प्रत्यक्ष संवाद हे दोन वेगळे प्रकार मानले. खरेदीची नोंद ठेवून पाठवलेला संदेश उपयुक्त असू शकतो, पण तक्रार ऐकून जागीच तोडगा काढणाऱ्या कर्मचाऱ्याची जागा तो घेऊ शकत नाही. तसा तोडगा काढण्याचा अधिकार त्याला कोणी आणि किती दिला आहे, हे ग्राहकांना कितीही प्रश्नावल्या पाठवल्या तरी कळणार नाही, त्यासाठी संस्थेच्या आत जाऊनच पाहावे लागेल.